वाहन परवान्याचे निलंबन आणि मोटार विमा

वाहन परवान्याचे निलंबन आणि मोटार विमा हा भारतातील मोटार वाहन कायदा आणि विमा व्यवहार या दोहोंशी संबंधित विषय आहे. वाहन चालविण्याचा परवाना (शासकीय परिभाषेत 'अनुज्ञप्ती') निलंबित झालेल्या व्यक्तीच्या वाहनाचा विमा उतरविता येतो का, त्याचा हप्ता किती पडतो आणि अपघात झाल्यास त्या विम्याचा लाभ कोणाला मिळतो, या प्रश्नांचा त्यात समावेश होतो.

अमेरिका किंवा ब्रिटन या देशांत विम्याचा हप्ता मुख्यतः चालकाच्या पूर्वेतिहासावर ठरतो. भारतात तो मुख्यतः वाहनावर ठरतो. त्यामुळे परवाना निलंबित झाल्याने भारतात त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ता वाढत नाही, आणि मालकाच्या नावाने विमा घेण्यासही अडथळा येत नाही. मात्र निलंबनाच्या काळात त्याच व्यक्तीने वाहन चालविले आणि अपघात झाला, तर हप्ता पूर्ण भरलेला असूनही स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते, आणि जखमीला किंवा मृताच्या वारसांना दिलेली रक्कम विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. म्हणूनच भारतीय संदर्भात या विषयाचा गाभा हप्त्याच्या दरात नसून पॉलिसीतील चालकविषयक अटीत आहे.

== पार्श्वभूमी ==

भारतात वाहनांचा त्रयस्थ पक्ष विमा मोटार वाहन अधिनियम, १९३९ अन्वये सक्तीचा करण्यात आला. त्याविषयीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. रस्त्यावर वाहनाची धडक बसलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना भरपाई मिळण्यासाठी वाहनमालकाच्या सांपत्तिक स्थितीवर अवलंबून राहावे लागू नये, हा या सक्तीमागील हेतू होता. १९३९ च्या कायद्याची जागा मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने घेतली आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. या अधिनियमाच्या कलम १४६ नुसार विम्याविना वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही.

सर्वसाधारण विमा व्यवसायाचे १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकरण झाले. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या त्यानंतर हा व्यवसाय करीत होत्या. विमा नियामक आणि विकास प्राधिकरण अधिनियम, १९९९ नंतर खासगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. २००६ अखेरपर्यंत मोटार विम्याचे सर्व दर भारतीय मोटार दरपत्रकानुसार ठरत. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे दर कंपन्यांवर सोपविण्यात आले, परंतु त्रयस्थ पक्ष विम्याचे दर नियंत्रितच राहिले. दरपत्रकातील पॉलिसीची प्रमाणित शब्दरचना, विशेषतः चालकविषयक अट, आजही बहुतेक पॉलिसींत आढळते.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने दंडाच्या रकमा वाढविल्या आणि परवाना निलंबनाच्या तरतुदी कडक केल्या. त्यांतील अनेक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून, तर विम्याविषयीचे सुधारित प्रकरण १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. महाराष्ट्रात तडजोड शुल्काचे सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

== निलंबनाची कायदेशीर तरतूद ==

=== कारणे ===

परवाना निलंबित करण्याचा किंवा परवानाधारकास अनर्ह ठरविण्याचा अधिकार दोन ठिकाणी आहे: कलम १९ अन्वये परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात परिवहन कार्यालयाकडे, आणि कलम २० अन्वये न्यायालयाकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २१ मध्ये सार्वजनिक उपद्रव किंवा धोका ठरणाऱ्या कृत्यांची यादी दिली आहे. मालवाहू वाहनातून माणसांची वाहतूक, मर्यादेपेक्षा जास्त माल भरणे, वेगमर्यादा ओलांडणे, वाहन चालविताना भ्रमणध्वनी वापरणे, मद्यप्राशन करून वाहन चालविणे इत्यादींचा त्यात समावेश होतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांनुसार अशा प्रमुख गुन्ह्यांत किमान तीन महिन्यांचे निलंबन अपेक्षित आहे.

२०१९ च्या सुधारणेनंतर किरकोळ समजल्या जाणाऱ्या काही गुन्ह्यांतही अनर्हता येते. दुचाकीवर शिरस्त्राण न वापरल्यास कलम १९४घ अन्वये, आणि दोनपेक्षा अधिक व्यक्ती बसविल्यास कलम १९४ग अन्वये, एक हजार रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांच्या अनर्हतेची तरतूद आहे. मद्यप्राशनाच्या गुन्ह्यात (कलम १८५) रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. धोकादायक वाहनचालनाबद्दल पूर्वी दोषी ठरलेल्या व्यक्तीविरुद्ध पुन्हा तशाच चालनातून मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडल्याचा गुन्हा दाखल झाल्यास कलम २१ अन्वये तिचा परवाना सहा महिन्यांसाठी आपोआप निलंबित होतो.

=== जप्ती, निलंबन आणि रद्द होणे ===

या तीन गोष्टी व्यवहारात बऱ्याचदा एकच समजल्या जातात. विम्याच्या दृष्टीने मात्र त्यांतील फरक महत्त्वाचा ठरतो.

* जप्ती: पोलीस अधिकारी कलम २०६ अन्वये परवाना ताब्यात घेऊन तात्पुरती पोचपावती देतो. सर्वसाधारण जप्तीतील पावतीवर तिच्यात नमूद तारखेपर्यंत किंवा परवाना परत मिळेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, वाहन चालविता येते. परंतु अतिवेग, धोकादायक चालन, मद्यप्राशन, शिरस्त्राण न वापरणे अशा गुन्ह्यांत कलम २०६(४) अन्वये परवाना जप्त करून अनर्हतेच्या कार्यवाहीसाठी पाठविला असेल, तर त्या पोचपावतीने वाहन चालविण्याची मुभा मिळत नाही.
* निलंबन किंवा अनर्हता: प्राधिकारी परवानाधारकाचे म्हणणे ऐकून ठरावीक मुदतीसाठी आदेश काढतो. कलम २०६(४) अन्वये आलेल्या प्रकरणात पहिल्या गुन्ह्यासाठी ही मुदत तीन महिन्यांची असते. आदेश सर्व प्रकारच्या वाहनांसाठी किंवा विशिष्ट प्रकारासाठी असू शकतो. त्यामुळे दुचाकीवरील गुन्ह्यातून आलेल्या आदेशाने मोटार चालविण्याचा हक्कही जाऊ शकतो.
* रद्द होणे: दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्यात परवाना रद्द होऊ शकतो. अशा वेळी परवाना नव्याने मिळवावा लागतो.

कलम १९ खालील आदेशाविरुद्ध तीस दिवसांच्या आत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. २०१९ च्या सुधारणेनुसार निलंबित परवानाधारकाला मान्यताप्राप्त संस्थेत चालक उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. अनर्हतेच्या काळात वाहन चालविल्यास कलम १८२ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अशा व्यक्तीच्या हाती वाहन देणाऱ्या मालकास कलम १८० अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

== मोटार विम्याचे घटक ==

निलंबनाचा परिणाम विम्याच्या प्रत्येक घटकावर वेगळा होतो. मोटार विम्याचे तीन मुख्य घटक असे आहेत:

* त्रयस्थ पक्ष विमा: वाहनामुळे इतरांचा मृत्यू, दुखापत किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास लागू होणारा, कायद्याने सक्तीचा भाग. तो नसल्यास कलम १९६ अन्वये पहिल्या गुन्ह्यास दोन हजार व पुढील गुन्ह्यास चार हजार रुपये दंड, तसेच तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.
* स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा: अपघात, आग, चोरी, पूर इत्यादींमुळे वाहनाचे होणारे नुकसान भरून देणारा ऐच्छिक भाग. १ सप्टेंबर २०१९ पासून तो त्रयस्थ पक्ष विम्याविना स्वतंत्रपणेही घेता येतो.
* मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा: वाहनमालक स्वतः वाहन चालवीत असताना मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास लागू होणारा भाग. २०१८ पासून त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये आहे.

== हप्त्यावरील परिणाम ==

=== त्रयस्थ पक्ष विमा ===

या विम्याचे दर केंद्र सरकार विमा नियामकाशी विचारविनिमय करून अधिसूचनेद्वारे ठरविते. खासगी वाहनांचे दर इंजिनाच्या क्षमतेनुसार आहेत. १ जून २०२२ पासून लागू झालेले वार्षिक दर वस्तू व सेवा कर वगळून पुढीलप्रमाणे आहेत:

* मोटार, १,००० घनसेंटिमीटरपर्यंत: २,०९४ रुपये
* मोटार, १,००० पेक्षा जास्त ते १,५०० घनसेंटिमीटर: ३,४१६ रुपये
* मोटार, १,५०० घनसेंटिमीटरपेक्षा जास्त: ७,८९७ रुपये
* दुचाकी, ७५ घनसेंटिमीटरपर्यंत: ५३८ रुपये
* दुचाकी, ७५ पेक्षा जास्त ते १५० घनसेंटिमीटर: ७१४ रुपये
* दुचाकी, १५० पेक्षा जास्त ते ३५० घनसेंटिमीटर: १,३६६ रुपये
* दुचाकी, ३५० घनसेंटिमीटरपेक्षा जास्त: २,८०४ रुपये

या दरांत चालकाचे वय, अनुभव, दंडाच्या पावत्या किंवा परवान्याची स्थिती यांना स्थान नाही. १,२०० घनसेंटिमीटरच्या मोटारीसाठी निर्मळ नोंद असलेल्या मालकाला आणि परवाना निलंबित झालेल्या मालकाला सारखेच ३,४१६ रुपये पडतात. हे दर सर्व कंपन्यांत समान असल्याने या भागापुरता 'स्वस्त कंपनी' शोधण्यास वाव राहत नाही. 'निलंबन झाल्यामुळे सरकारी हप्ता वाढला आहे' असे सांगून जादा रक्कम मागितली गेल्यास ती मागणी निराधार ठरते. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ३२घ नुसार सर्वसाधारण विमा कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात त्रयस्थ पक्ष विम्याचा व्यवसाय करण्याचे बंधनही आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१८ मधील आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. अशा वाहनाच्या मालकाचा परवाना मध्येच निलंबित झाला, तरी त्रयस्थ पक्ष विम्याची मुदत खंडित होत नाही.

=== स्वतःच्या वाहनाचे नुकसान ===

या भागाचा हप्ता वाहनाचे घोषित मूल्य, वय, इंजिनाची क्षमता, नोंदणीचे क्षेत्र आणि दाव्यांचा इतिहास यांवर ठरतो. दर कंपनीगणिक बदलत असल्याने तुलनेचा उपयोग येथेच होतो. निलंबनापेक्षा दाव्याचा परिणाम या हप्त्यावर जास्त असतो. दाव्याविना गेलेल्या वर्षांबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वाढत जाते. केवळ परवाना निलंबित झाल्याने ती जात नाही. दावा मंजूर झाल्यास किंवा पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास मात्र ती जाते.

प्रस्तावपत्रात चालकाविषयी प्रश्न असतात. पूर्वी अपघातास कारणीभूत ठरल्याबद्दल शिक्षा झाली आहे का, असा प्रश्न त्यांत आढळतो. विमा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर आधारलेला असल्याने विचारलेल्या प्रश्नाचे खोटे उत्तर पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते.

=== प्रस्तावित बदल ===

वाहतूक नियमभंगाची सांगड विमा हप्त्याशी घालण्याविषयी विमा नियामकाने २०१९ मध्ये अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. मद्यप्राशन करून वाहन चालविल्यास १०० गुण, तर चुकीच्या ठिकाणी वाहन उभे केल्यास १० गुण अशी श्रेणी लावून त्यानुसार 'वाहतूक नियमभंग हप्ता' आकारावा आणि त्याचा पहिला प्रयोग दिल्लीत करावा, अशी त्याची शिफारस होती. ही पद्धत देशभर लागू करण्यात आलेली नाही.

== दाव्यावरील परिणाम ==

=== चालकविषयक अट ===

प्रमाणित पॉलिसीनुसार विमाधारकासह कोणीही व्यक्ती वाहन चालवू शकते. मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे प्रभावी परवाना असला पाहिजे आणि परवाना धारण करण्यास ती अनर्ह ठरविलेली नसली पाहिजे. निलंबित व्यक्तीच्या हाती परवान्याचे कार्ड असले तरी अटीचा दुसरा भाग पूर्ण होत नाही. याच अटीचा दुसरा अर्थ असा, की निलंबित मालकाचे वाहन वैध परवाना असलेली पत्नी, मुलगा, शेजारी किंवा पगारी चालक चालवीत असेल, तर विमा पूर्णपणे लागू राहतो.

=== त्रयस्थ पक्षाची भरपाई ===

कलम १५० (१ एप्रिल २०२२ पूर्वीचे कलम १४९) विमा कंपनीला काही मर्यादित बचाव देते. परवाना नसलेल्या किंवा अनर्ह ठरविलेल्या व्यक्तीने वाहन चालविणे हा त्यांतील एक आहे. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ५ जानेवारी २००४ रोजी या बचावाची व्याप्ती स्पष्ट केली. परवाना नसणे, तो बनावट असणे किंवा चालक अनर्ह असणे एवढ्यानेच कंपनीची सुटका होत नाही. मालकाने अटीचे पालन करण्यात वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे, असे या निकालात म्हटले आहे. असा अटीचा भंग सिद्ध झाला तरीही जखमींना किंवा वारसांना आधी कंपनीने रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायाधिकरणे देतात. हे तत्त्व 'आधी भरपाई, मग वसुली' या स्वरूपात ओळखले जाते.

या तत्त्वामुळे अपघातग्रस्ताचे संरक्षण होते, परंतु आर्थिक भार अखेर मालकावर येतो. मृत व्यक्ती कमावती असल्यास भरपाईची रक्कम अनेक लाखांत जाते आणि वसुलीसाठी मालकाच्या मालमत्तेवर कार्यवाही होऊ शकते. निलंबित मालक स्वतःच वाहन चालवीत असेल, तर त्याला आपल्या निलंबनाची माहिती नव्हती असे म्हणण्यास सहसा जागा उरत नाही. याउलट, मालकाने दुसऱ्या चालकाचा परवाना पाहून आणि त्याचे कौशल्य तपासून त्याला कामावर ठेवले असेल, तर परवान्याच्या खरेपणाची चौकशी परिवहन कार्यालयात करणे सर्वसाधारणपणे त्याच्याकडून अपेक्षित नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऋषी पाल सिंग विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या २०२२ च्या निकालात म्हटले आहे.

=== स्वतःचे नुकसान आणि चोरी ===

निलंबित व्यक्ती चालवीत असताना वाहनाचे नुकसान झाल्यास कंपनी तो दावा नाकारू शकते. येथे 'आधी भरपाई' हे तत्त्व लागू होत नाही, कारण हा मालक आणि कंपनी यांच्यातील करार आहे. उभ्या वाहनाची चोरी किंवा त्याला लागलेली आग यांचा चालकाच्या परवान्याशी संबंध नसतो. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध नितीन खंडेलवाल या २००८ च्या निकालात चोरीच्या प्रकरणी पॉलिसीच्या अटीचा भंग गैरलागू असल्याने दावा पूर्णपणे नाकारता येणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. त्या खटल्यातील अटभंग वाहनाच्या वापराविषयीचा होता.

=== वैयक्तिक अपघात विमा ===

या भागाची अट सर्वांत काटेकोर आहे. अपघाताच्या वेळी मालक-चालकाकडे प्रभावी परवाना असणे आवश्यक असते. निलंबनाच्या काळात स्वतः वाहन चालविताना मालकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या कुटुंबाचा १५ लाख रुपयांचा दावा नाकारला जाऊ शकतो. ज्या मालकाकडे प्रभावी परवानाच नाही, त्याला हा विमा घेण्याची सक्ती नाही. परवाना रद्द झालेल्या मालकाचा नूतनीकरणाच्या वेळी हा हप्ता वाचू शकतो. तीन महिन्यांच्या निलंबनात मात्र परवाना परत मिळाल्यानंतर हे संरक्षण लगेच आवश्यक ठरते.

== हप्ता मर्यादित ठेवण्याचे मार्ग ==

निलंबनाच्या काळात खर्च वाचविण्यासाठी विमा बंद होऊ देणे हा मार्ग बहुधा महाग पडतो. पॉलिसी खंडित झाल्यास वाहनाची पाहणी करून घ्यावी लागते, ९० दिवसांनंतर नो क्लेम बोनस संपतो, आणि घरातील दुसऱ्या कोणी ते वाहन रस्त्यावर आणल्यास कलम १९६ चा गुन्हा घडतो. विमा चालू ठेवून हप्ता कमी करण्याचे प्रचलित मार्ग पुढीलप्रमाणे आहेत:

* जुन्या, कमी मूल्याच्या वाहनासाठी केवळ त्रयस्थ पक्ष विमा ठेवणे.
* ऐच्छिक वजावट स्वीकारणे. दाव्यातील ठरावीक रक्कम स्वतः सोसण्याची तयारी दाखविल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. जुन्या दरपत्रकात मोटारीसाठी २,५०० रुपयांच्या वजावटीला २० टक्के, पण कमाल ७५० रुपये, आणि १५,००० रुपयांच्या वजावटीला ३५ टक्के, पण कमाल २,५०० रुपये, अशी सूट होती.
* वापरानुसार हप्ता. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने प्रवासाच्या अंतरावर किंवा चालविण्याच्या पद्धतीवर आधारित हप्ता, तसेच एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित पॉलिसी यांना परवानगी दिली. निलंबनामुळे वाहन कमी फिरणार असल्यास अंतरावर आधारित हप्ता उपयुक्त ठरतो.
* पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने मान्यता दिलेले चोरीविरोधी उपकरण बसविणे.
* अनावश्यक जोड-संरक्षणे वगळणे आणि छोट्या दुरुस्तीसाठी दावा न करता नो क्लेम बोनस टिकविणे.

पगारी चालक ठेवल्यास त्याच्याप्रती असलेल्या कायदेशीर जबाबदारीचे संरक्षण नाममात्र जादा हप्त्यात घेता येते. घोषित मूल्य वाजवीपेक्षा कमी दाखवून हप्ता कमी करणे मात्र चोरी किंवा पूर्ण नुकसानीच्या वेळी तोट्याचे ठरते.

== उंब्रज आणि परिसर ==

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील उंब्रज हे गाव कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर, पुणे–बंगळूरू राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ वर सातारा आणि कराड यांच्या दरम्यान वसले आहे. येथून चाफळ, पाटण आणि मसूर या बाजूंना रस्ते फुटतात आणि महामार्गावर तासवडे येथे पथकर नाका आहे. महामार्गावरील वेगवान वाहने आणि गावोगावची दुचाकी, ट्रॅक्टर व वडापची वाहतूक येथे एकत्र येते. त्यामुळे परवान्याविषयीच्या तरतुदी स्थानिकांच्या रोजच्या जीवनाला भिडतात.

उंब्रजच्या रहिवाशांसाठी परवाना देणारे कार्यालय कराड येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. त्याचा नोंदणी संकेतांक एमएच-५० आहे. साताऱ्याचा संकेतांक एमएच-११ आणि सांगलीचा एमएच-१० आहे. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात, उदाहरणार्थ पुणे किंवा कोल्हापूर येथे, घडला तरी निलंबनाची नोंद 'सारथी' या राष्ट्रीय परवाना प्रणालीत होते. अपघातानंतर कंपनीचा सर्वेक्षक तेथूनच परवान्याची स्थिती तपासतो.

गळीत हंगामात परिसरातील ऊस साखर कारखान्यांकडे जातो. त्या काळात एकाच ट्रॅक्टरवर पाळीपाळीने निरनिराळे चालक असतात. ट्रॅक्टर हे मोटार वाहन असून त्यालाही परवाना आणि विमा आवश्यक आहे. चालकांपैकी एकाचाही परवाना निलंबित असल्यास त्याच्या पाळीत झालेल्या अपघाताचा भार मालकावर येऊ शकतो. नातेवाइकांत आणि शेजाऱ्यांत दुचाकी मागून नेण्याची रीतही सर्वत्र आहे. अशा वेळी परवाना पाहणे हे कायद्यातील 'वाजवी काळजी'चे पहिले अंग ठरते. खासगी मोटार वडापसाठी वापरल्यास वापराविषयीच्या अटीचा भंग होतो. ती बाब परवान्याच्या प्रश्नापेक्षा वेगळी आहे.

== तक्रार निवारण ==

दावा नाकारल्यास कंपनीने कारण लेखी कळविणे अपेक्षित असते. विमाधारकाला प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावर तक्रार करता येते. तक्रार फेटाळल्यास किंवा एक महिन्यात उत्तर न आल्यास विमा लोकपाल नियम, २०१७ नुसार विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क दाद मागता येते. सातारा आणि सांगली हे जिल्हे पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही उपलब्ध आहे. अशा प्रकरणांत निलंबनाच्या आदेशाची तारीख, पोचपावतीचा प्रकार, आदेशात नमूद वाहनप्रकार आणि अपघाताची तारीख यांवर निकाल अवलंबून असतो.

अपघातग्रस्त किंवा त्याचे वारस यांचा मार्ग वेगळा आहे. ते कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे हा अर्ज करता येतो.

== इतर देशांतील पद्धती ==

अमेरिकेत विमा चालकाच्या नोंदीवर आधारित असल्याने निलंबनानंतर हप्ता लक्षणीय वाढतो. अनेक राज्यांत परवाना परत मिळविण्यासाठी विमा कंपनीने राज्याकडे 'एसआर-२२' हे आर्थिक जबाबदारीचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. मद्यप्राशनाच्या गुन्ह्यानंतर फ्लोरिडा आणि व्हर्जिनिया या राज्यांत त्याऐवजी अधिक विमारकमेचे 'एफआर-४४' मागितले जाते. ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही, त्यांच्यासाठी वाहनविरहित चालक पॉलिसी असते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ दंडगुण जमा झाल्यास सहसा किमान सहा महिन्यांची बंदी येते, आणि ५६ दिवस किंवा त्याहून अधिक बंदी असल्यास परवान्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच भारतातील अनुभवाच्या उलट स्थिती आढळते. तेथे निलंबनाची किंमत हप्त्यातून वर्षानुवर्षे मोजावी लागते. भारतात हप्ता जवळपास तसाच राहतो आणि ती किंमत निलंबनकाळात झालेल्या एखाद्या अपघातात एकदम मोजावी लागते.

== हे सुद्धा पहा ==

* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण
* मोटार अपघात दावा न्यायाधिकरण
* विमा लोकपाल
* राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८
* उंब्रज